खिशातलं पिस्तूल आणि सातशे ग्रॅम तुरीची डाळ

पत्र: "काका, मी नागपुरात कळमन्याच्या धान्य बाजारात अडत्या आहे. वय ४६, घर बेसा भागात. हत्याराचा परवाना गेल्या महिन्यात हातात आला. जानेवारीत एका संध्याकाळी पारडीपासून दिघोरीपर्यंत दोघं मोटारसायकलवर माझ्या स्कूटरमागे लागले होते. झालं काही नाही, पण तेव्हापासून झोप धड लागत नाही. दुकानदारानं .३२ चं एक जुनं पिस्तूल दाखवलं, तळहातात मावेल एवढं. भाचा म्हणतो, अमेरिकेत लोक याहून लहान घेऊन फिरतात, व्हिडिओ पाहा. मला खिशात मावेल, बाहेरून दिसणार नाही आणि वेळ आली तर बायकोलाही चालवता येईल असं हवं आहे. सेफ्टीचं बटण असावं की नसावं? राउंड किती असावेत? घरी सात वर्षांची मुलगी आहे."

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. मुलीचा उल्लेख शेवटच्या ओळीत आलाय. मी असतो तर पहिल्या ओळीत लिहिला असता. त्यावर येतोच.

आधी भाच्याचे व्हिडिओ. त्यात दिसतं ते खोटं नाही. रुगर एलसीपीसारखं पिस्तूल रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, मोठ्या मोबाइलपेक्षा थोडं जास्त. पण तो बाजार .३८० आणि ९ मिमीचा आहे आणि तो तिकडचा आहे. आपल्याकडे ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) मोडतं, तुमच्या परवान्यावर ते मिळणार नाही. साध्या परवानाधारकाला बाहेरून हत्यार मागवण्याची वाटही १९८० च्या दशकापासून बंद आहे. म्हणून इथल्या दुकानात जे परदेशी पिस्तूल दिसतं ते बहुतेक आधीच देशात आलेलं, तीन-चार हात फिरलेलं असतं आणि किंमत काही लाखांत सांगतात. तुमच्यापुढे खरी निवड आहे ती .३२ चं पिस्तूल, .३२ चं रिव्हॉल्व्हर, नाहीतर .२२. भाच्याला म्हणावं, व्हिडिओ पाहा, पण ते पाहून मामाची खरेदी ठरवू नको.

आता एक काम सांगतो. पैसे देण्याआधी करा. कळमन्यात आहात, काटा हाताशी आहे. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास भरतं. तेवढी तुरीची डाळ तोलून जाड कापडाच्या पिशवीत घट्ट शिवून घ्या आणि ज्या खिशात हत्यार ठेवायचं म्हणता त्याच खिशात आठ दिवस वागवा. सौदा करताना, पोतं मोजताना, स्कूटरवर, जेवायला बसताना. कुर्त्याच्या खिशात ठेवली तर दुसऱ्या दिवशी दुपारीच कळेल की कुर्ता एका खांद्यावरून घसरतोय आणि तुमचा हात दर पाच मिनिटांनी तिथं जातोय. तो हात शेजारच्या हमालालाही दिसतो. दिसू नये म्हणून लहान हत्यार घ्यायचं आणि हातानंच सगळ्यांना सांगत फिरायचं, असे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

सातशे जड वाटली तर पिशवी उसवा आणि पाचशेची करा. 'निर्भीक' नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर तेवढं आहे. २०१४ साली कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं काढलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सहा राउंडचं. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. (आपल्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ही पिस्तुलं होतात असं नागपुरात पुष्कळांना वाटतं. तिथलं काम तोफगोळ्यांच्या कवचाचं आणि रॉकेटच्या भागांचं. ओळख काढून काही जमणार नाही.)

आता लहानपणाची किंमत काय पडते ते ऐका.

ते जुनं .३२ पुन्हा हातात घ्या. मुठीत किती बोटं बसतात? बहुतेक दोन. करंगळी खाली लोंबत राहते. दोन बोटांवर झटका सांभाळायचा, म्हणजे पहिल्या गोळीनंतर हत्यार मुठीत फिरतं आणि दुसऱ्या गोळीपूर्वी पकड पुन्हा बसवावी लागते. नागपूरचा मे महिना, ४५ अंश, घामानं निथळणारा तळहात, आणि त्यात ही दोन बोटं. मूठ सैल राहिली तर स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग, पुरती मागे जात नाही आणि रिकामं टरफल दारातच अडकतं. दुकानातल्या एसीत हे कळत नाही.

दुसरी किंमत स्लाइडची. या छोट्या .३२ मध्ये गोळी सुटताना स्लाइडला धरून ठेवणारं असतं ते तिचं स्वतःचं वजन आणि एक स्प्रिंग. कुलूप नसतं. म्हणजे स्लाइड जितकी लहान आणि हलकी, तितकी स्प्रिंग कडक करावी लागते. लोकांना वाटतं लहान पिस्तूल म्हणजे बाईमाणसाला सोपं. स्लाइड ओढायच्या बाबतीत ते बरोबर उलटं आहे. वहिनींना दुकानात घेऊन जा आणि रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड दहा वेळा ओढायला सांगा. सहाव्या वेळी त्या तुमच्याकडे कशा पाहतात ते बघा.

तिसरी किंमत नेमाची. नळी बोटाएवढी, पुढची-मागची साइट तांदळाच्या दाण्याएवढी. हे हत्यार चार-पाच पावलांवरचं आहे. त्यापलीकडे गोळी जाते, नेम जात नाही.

सेफ्टीच्या बटणाबद्दल विचारलंत. तुमच्या मनातली सेफ्टी म्हणजे अंगठ्यानं खाली-वर होणारी कळ. त्याआधी दुसरी एक गोष्ट विचारा: पिस्तूल हातातून फरशीवर पडलं तर सुटतं का? नवीन घडणीत फायरिंग पिनला (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या खिळीला) आतून अडसर असतो, चाप पुरता दाबल्याशिवाय तो हटत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये तेच काम हॅमर (मागचा हातोडा) आणि काडतुसाच्या मध्ये येणारी पट्टी करते. जुन्या पिस्तुलांपैकी कित्येकांमध्ये असा अडसर नसतोच. कळ लावलेली असते, पण ती फक्त चाप अडवते. पिन मोकळीच. दुकानदाराला सरळ विचारा, 'पिनला ब्लॉक आहे का?' तो 'सेफ्टी आहे ना' म्हणाला तर त्यानं उत्तर दिलेलं नाही असं समजा.

विदर्भात मालगुजारांच्या घरांतून अशी हत्यारं अजून निघतात. पणजोबांचं .२५, मखमलीच्या डबीत, चांदीचं नाव कोरलेलं. वेस्टकोटच्या खिशात जावं म्हणूनच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेली ही पिस्तुलं, देखणी असतात, हातात घेतलं की ठेववत नाही. पण त्यांच्या स्प्रिंगा आजोबांच्या वयाच्या आणि कधीकधी राउंडही. डबीतच शोभतात.

कळ असावी की नसावी, यावर माझं मत असं: खिशात ठेवायचं असेल तर चाप लांब आणि जड हवा. ज्याला डबल ॲक्शन म्हणतात ते. प्रत्येक गोळीला बोटानं जाणूनबुजून ओढावं लागतं, चुकून लागलेल्या धक्क्यानं सुटत नाही. असा चाप असेल तर कळ नसली तरी चालते. हॅमर ताणून आणि कळ लावून खिशात ठेवायची पद्धत ज्या पिस्तुलाला लागते, ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही. रोज सराव करणारा ते सांभाळेल. तुम्ही वर्षातून दोनदा रेंजवर जाणार, खोटं कशाला बोला. घाबरलेला अंगठा कळ विसरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कळ लावली होती की नाही हेच विसरतो.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. मी आयुष्यभर आर्मोरर होतो, हत्यारं उघडणं आणि बसवणं हाच धंदा. एका उन्हाळ्यात दुपारी एक जुनं .३२ ऑटोमॅटिक दुरुस्तीला आलं. मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची राउंडांची पेटी, काढून वेगळ्या पाकिटात ठेवलेलं. आणणारा म्हणाला, 'रिकामं आहे साहेब.' मी पाकिटातलं मॅगझिन पाहिलं, मान हलवली. त्यानंतर स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी राउंड बसतो त्या घरात, डोकवायचं असतं. हजार वेळा केलं होतं. त्या दिवशी नेमका चहा आला. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात पिस्तूल. चाप जड वाटतो अशी तक्रार होती, म्हणून चाप दाबून पाहिला.

नळी वाळूच्या पेटीकडे होती, कारण टेबलावर बसलं की नळी वाळूकडे ही सवय उस्तादानं मारून-मारून लावली होती. गोळी वाळूत गेली. ग्लास फुटला नाही, पण चहा अंगावर. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती आणि तो आणणारा माणूस दाराशी जमिनीवर बसला होता, पांढराफटक.

मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं डोळ्यांना वाटतं. चेंबरमधला एक राउंड तिथंच असतो. काही पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावर चाप चालत नाही अशी सोय असते, काहींत चेंबर भरलेलं असेल तर एक छोटी खूण वर येते. तुमच्या घरी सात वर्षांची मुलगी आहे म्हणून या दोन्ही गोष्टी विचारून घ्या. पण घेतल्यावर त्यांच्यावर विसंबू नका. स्लाइड ओढायची, डोळ्यांनी पाहायचं, करंगळीनं चाचपायचं.

याच कारणानं मी तुम्हाला त्या तळहाताएवढ्या पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर घ्या म्हणेन. उघडलं की सहाही घरं समोर दिसतात, पोरगंही सांगेल भरलंय की रिकामं. राउंड फुसका निघाला तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तेच झालं तर स्लाइड ओढून राउंड बाहेर काढावा लागतो, आणि ते त्या क्षणी सुचलं पाहिजे. स्लाइड नाही म्हणून वहिनींच्या मनगटाचा प्रश्न नाही, मॅगझिनची स्प्रिंग नाही म्हणून ती थकण्याचा प्रश्न नाही. आता त्याची खोडही सांगतो. सिलिंडर फुगीर असतं, पातळ पँटच्या खिशात लिंबू ठेवल्यासारखं दिसतं. बाहेर आलेला हॅमर कापडात अडकतो. आणि जड चापानं नेम हलतो, त्याला सराव हाच उपाय. २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीनं 'प्रबल' नावाचं .३२ काढलं, सिलिंडर बाजूला उघडणारं. जुन्या घडणीत रिव्हॉल्व्हर मधून मोडल्यासारखं उघडतं. दोन्ही हातात धरून पाहा, जे न बघता उघडता येईल ते घ्या.

राउंड किती, या प्रश्नावर वेळ घालवू नका. सहा पुरे.

काडतुसांचं मात्र नीट ऐका. परवान्यावर '.३२' लिहिलेलं असतं आणि माणूस दुकानात जाऊन '.३२ चे राउंड द्या' म्हणतो. रिव्हॉल्व्हरचं .३२ लांब असतं, ७.६५ × २३, बुडाला कडा. पिस्तुलाचं आखूड, ७.६५ × १७. बोअर तोच, पण एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. डबीवरचा आकडा वाचूनच घ्या.

आता खिसा. तुम्ही खर्रा खाता की नाही ते पत्रात नाही, पण कळमन्यात चाळीस वर्षांपुढचा माणूस आणि खर्रा नाही असं क्वचित. ज्या खिशात हत्यार त्या खिशात दुसरं काहीही नको. खर्ऱ्याची पन्नी नको, किल्ली नको, सुटे पैसे नकोत. एकदा माझ्याकडे 'चाप अडकतो' म्हणून एक पिस्तूल आलं. उघडलं तर आत सुपारीचा भुगा आणि चुन्याची खपली, तेलात मुरून डिंकासारखी झालेली. ते तरी बरं, अडकलं. किल्लीचं टोक चापाच्या कडीत शिरलं तर अडकत नाही, सुटतं.

म्हणून खिशाचं होल्स्टर. चामड्याचं किंवा कडक प्लॅस्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं, हत्यार काढताना खिशातच राहणारं. आणि ही काही हौस नाही. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकून न्यायचं असतं. नुसतं खिशात टाकून फिरणं हे नियमातही बसत नाही. घाम चामड्यात मुरतो आणि काळ्या पॉलिशच्या लोखंडावर दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात, म्हणून उन्हाळ्यात रोज रात्री कोरडं फडकं आणि आठवड्याला तेलाचा हात.

स्कूटरवर तर पँटचा खिसा निरुपयोगी आहे. बसल्यावर मांडी दुमडते, कापड ताणतं, हात आत जात नाही. आणि नळी नेमकी स्वतःच्या मांडीकडे. डाळीची पिशवी घेऊन पारडी ते दिघोरी जा आणि सिग्नलला थांबून ती काढून दाखवा. ते दोघं जानेवारीत आडवे आले असते तर तुमचे दोन्ही हात हँडलवर होते.

वहिनींना चालवता यावं म्हणता. परवाना तुमच्या नावाचा आहे. हत्यार तुमच्या घरात असलं तरी ते त्यांचं होत नाही. त्यांच्या हाती द्यायचं असेल तर त्यांनी स्वतः अर्ज करायचा: शहरात पोलीस आयुक्तालयात, सुरक्षित वापराचं प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखल्यासह. पण हत्यार रिकामं कसं करायचं आणि हात कुठं लावायचा नाही, हे त्यांनी प्रशिक्षकाकडून शिकून ठेवलेलं बरं.

आता मुलगी. कपाटाच्या वरच्या फळीवर, कपड्यांखाली, ही जागा लपवण्याची नाही. लाडवाचा डबा तुम्ही जिथं लपवता ती जागा तिला ठाऊक आहे, ही त्याच्या शेजारची. भिंतीला बोल्ट मारलेली छोटी लोखंडी पेटी, आत हत्यार रिकामं, राउंड दुसऱ्या कुलपात. पेटीचे पैसे हत्याराच्या हिशेबात आधीच धरा. घरी आलं की हातपाय धुण्याआधी पेटी. आणि 'नको हात लावू' एवढंच सांगून भागवू नका. एकदा तिच्यासमोर उघडून, रिकामं दाखवून, हे काय आहे ते सांगा. पाहिलेल्या वस्तूची ओढ कमी होते. दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि बाबांना सांगायचं, हे तिच्याकडून वदवून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. जिवावर बेतलं किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असली तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत हक्क जातो, जबरी चोरीतही जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही. आणि जबरी चोरीत तत्काळ जिवाची किंवा दुखापतीची भीती संपली की हक्कही तिथंच संपतो. पिशवी घेऊन पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडली तर कोर्टात पिशवीतल्या रकमेपेक्षा जास्त पैसे वकिलाला जातील, आणि तुम्ही कदाचित आत असाल. लग्नात हवेत बार काढायचं मनातही आणू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मिरवणूक, जत्रा, शाळेचं आवार, इथंही न्यायचं नाही. तान्ह्या पोळ्याला मारबत पाहायला इतवारीत जाल तेव्हा हत्यार पेटीत ठेवूनच जा.

आणि निवडणूक लागली की ते जमा करायची नोटीस येऊ शकते. मग पुढचे काही आठवडे तुम्ही, स्कूटर आणि पिशवी. त्या आठवड्यांत काय करणार आहात?

जे कराल ते आजच करा, असं माझं म्हणणं. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्यानं, एकटा, स्कूटरच्या डिकीत रोकड: हे बदलायला परवाना लागत नाही. ज्या शेतकऱ्यांचे खाते क्रमांक तुमच्याकडे आहेत त्यांना पट्टी (मालाचे पैसे) बँकेतून द्या, म्हणजे संध्याकाळची थैली निम्म्यावर येईल. उरलेली बँक बंद होण्याआधी भरा. अंधार पडल्यावर न्यायचीच झाली तर दुकानातला एक माणूस सोबत आणि स्कूटरऐवजी चारचाकी. कुणी मागे लागलं तर घराकडे वळू नका, उजेडाच्या आणि गर्दीच्या जागी थांबा, ११२ लावा. जानेवारीतल्या त्या दोघांची नोंद पोलीस ठाण्यात केली होती का? पत्रात नाही. केली नसेल तर आत्ता जाऊन करा, तारीख आणि वेळ आठवत असेल तोवर.

एवढं करूनही हत्यार घ्यावंसं वाटलं तर घ्या, परवाना तुम्ही रीतसर मिळवलाय. त्या तळहाताएवढ्या पिस्तुलाचा बयाणा दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर दुकानदाराला सांगा, आठ दिवस थांब.

डाळ शिवून घ्या आणि आठ दिवसांनी कळवा, कुठल्या खिशात टिकली ते. पिशवी पुन्हा पोत्यात ओतू नका, घामानं वास येईल.